मशीन नंबर चार बंद का पडतं

"मॅडम, आता या मशीनमध्ये बदलायचं उरलंय काय? मीच तेवढा उरलोय, मला बदला!" नूर महंमदनं पेचकस टेबलावर आपटला.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नऊ दिवसांतली ही त्याची सहावी फेरी. मालकीण सपना मॅडम कपाळाला हात लावून उभ्या. मशीन नंबर चार चालता चालता मध्येच निळी स्क्रीन दाखवायचं, इंग्रजीत काहीबाही उमटायचं आणि मशीन आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू. नूर महंमदनं रॅम काढून खोडरबरानं घासली, पॉवर सप्लाय बदलला, पंख्यातली वीतभर धूळ काढली. त्याच्यासमोर मशीन गुणी लेकरासारखं चालायचं. त्याची पाठ वळली की पुन्हा तेच रडगाणं! जीव नुसता आंबून गेला होता त्याचा.

तसा माणूस कच्चा नाही. रेडिओवरून टीव्हीवर आणि टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आलेला, धुळ्यात पस्तीस वर्षं घासलेली. साक्रीपासून चाळीसगावपर्यंतचे लोक त्याचं नाव विचारत दुकानावर येतात. पण स्वभाव म्हणाल तर तापलेला तवा. मशीनचं दुखणं सापडलं नाही की तो माणसांवर घसरायचा.

यावेळी तो सकाळच्या बॅचमधल्या मंदाबाईंवर घसरला. मंदाबाईंचे यजमान सरकारी ऑफिसात होते. ते गेल्यावर बाईंना तिथंच लिपिकाची जागा मिळाली, पण दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा काढायच्या अटीवर. मुदत या महिन्यात संपणार, परीक्षा सोमवारी. ऑफिसच्या आधी, सकाळी सातच्या बॅचला त्या यायच्या आणि चार नंबरवर बसायच्या. बाकीची मशीनं भरलेली. संध्याकाळची पोरं त्याच चार नंबरवर साधे धडे टाईप करायची, तेव्हा मशीन मुकाट चालायचं. मंदाबाईंनी परीक्षेच्या सरावाचं सॉफ्टवेअर उघडलं की दहा मिनिटांत स्क्रीन निळी.

"भाऊ, मना बठ्ठा उतारा ग्या ना!" गेल्या आठवड्यात, टाईप केलेला सगळा उतारा पुसला गेल्यावर, त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या होत्या. अहिराणी त्यांच्या तोंडी घाबरल्यावरच यायची.

तेव्हा नूर महंमद भडकून बोलून गेला होता, "दुसऱ्या कुणाच्या हातून बंद पडत नाही, ताई. तुमचंच बोट कुठंतरी भलतीकडं पडतंय. आधी हात सुधारा!"

बोलला आणि विसरला. मंदाबाई विसरल्या नव्हत्या.

आज खुर्ची रिकामी होती. मशीनशेजारी मंदाबाईंची वही तेवढी पडलेली. सपना मॅडमची शिस्तच तशी: रोज जे चुकलं ते प्रत्येकानं चुकांच्या वहीत उतरवायचं. नूर महंमदनं वैतागून वही बाजूला सारली, ती उघडली गेली. काना चुकला, वेलांटी चुकली, जोडाक्षर चुकलं. आणि रोजच्या पानाच्या तळाशी एक लांबलचक इंग्रजी नाव, एकेक अक्षर जपून काढलेलं. नऊ पानांवर नऊ वेळा, तेच नाव. पुढं लिहिलेलं: "माझ्याकडून हे दाबलं गेलं असावं."

नूर महंमद चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागला. निळ्या स्क्रीनवर तळाला येणारं नाव होतं ते! त्यानं ते कधी धड वाचलंच नव्हतं. या बाईनं मात्र ते आपली चूक समजून नऊ दिवस उतरवून घेतलं होतं. फाईल होती डिस्प्लेच्या ड्रायव्हरची. पडद्यावर काय दिसायचं ते कॉम्प्युटरला समजावून देणारा हा प्रोग्राम. त्यानं तारीख काढून बघितली. दहा वर्षांपूर्वीचा!

"अरे अल्ला," तो पुटपुटला.

सरावाच्या नव्या सॉफ्टवेअरचा ताण न पेलणारा हा जुना ड्रायव्हर त्याच्याच पेन ड्राइव्हमधला. इथलं नेट रडतखडत चालायचं त्या काळी त्यानं सगळे ड्रायव्हर त्यात भरून ठेवले होते आणि अजून दिसेल त्या मशीनला तेच टोचत होता. गेल्या महिन्यात चार नंबर फॉरमॅट करून त्यानंच हा घातला, आणि अपडेट म्हणजे नसती बला म्हणून तेही त्यानंच बंद केलं. आता त्यानं नवा ड्रायव्हर उतरवून घातला, सरावाचं सॉफ्टवेअर उघडलं, तासभर चालवलं. स्क्रीन एकदाही निळी पडली नाही.

"मॅडम, मंदाताईंना बोलवा. लगेच!"

"त्या यायच्या नाहीत, चाचा. सकाळी फोन आला होता. काल त्यांनी ऑफिसात लिहून दिलं, मला टायपिंग जमत नाही, शिपायाच्या जागेवर घ्या म्हणून."

हत्यारं तिथंच टाकून नूर महंमदनं स्कूटर काढली. ऑफिसात मंदाबाई फायली लावत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

"अर्ज कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"साहेबांच्या टेबलावर. सही व्हायचीय अजून. का?"

"मागं घ्या. तुमचं बोट बरोबर होतं, ताई. मीच गाढव!"

"नऊ दिवस झोप नाही मला," मंदाबाई एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

शेजारच्या कारकुनानं सांगितलं, अर्ज मागं घेता येईल, पण लेखी द्या आणि कारण लिहा. मंदाबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या. तारीख, विषय, महोदय, सगळं सरळ आलं. कारणापाशी त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी टाईप केलं, "माझ्या चुकीमुळे".

"खोडा ते!" नूर महंमद एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "लिहा, नूर महंमद मेकॅनिकच्या चुकीमुळे. पुढं माझ्या दुकानाचा पत्ता टाका. आणि खाली मीही सही करतो."

मंदाबाईंनी ती ओळ खोडली आणि तो सांगेल तसं टाईप करत गेल्या. अख्ख्या अर्जात एक काना चुकला नाही.