तुळसाक्काची यादी

तुळसाक्काकडे तक्रार घेऊन गेलं की ती आधी चपला घालते. "चला, दाखवा," एवढंच. गटार तुंबलेलं असो की रस्त्यावरचा दिवा गेलेला असो, तक्रार करणाऱ्याला घेऊन ती तिथवर चालत जाणार आणि तिथं उभ्यानंच वहीत लिहिणार. खुर्चीत बसून तिनं फक्त एकदा काम मंजूर केलं, आणि ते पाप माझं.

येलहंक्याच्या पुढच्या आमच्या ग्रामपंचायतीची ती सदस्य. माहेर चामराजपेटचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी इथं येऊन रुजलेल्या मराठी घराण्यातलं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. पहिल्याच भेटीत तिनं मला "तम्मा", म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, करून टाकलं. माझं मराठी ऐकून म्हणाली, "स्वल्प हळू बोल रे, कोण मागं लागलंय?"

आमच्या वसाहतीतून लॉऱ्या जायच्या. धुळीनं जीव नकोसा झाला म्हणून रस्त्याच्या तोंडावर उंच गाड्या अडवणारी लोखंडी आडवी कमान बसवावी, असा अर्ज मी लिहिला, घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या आणि तिच्यापुढे ठेवला. अंगात ताप असूनही ती चपला शोधू लागली. मी मोठा समजूतदार! म्हटलं, "अक्का, कशाला उन्हात? फोटो आणलेत." मोबाइलवरचे फोटो पाहून तिनं सही केली. त्यांत लॉऱ्या होत्या. त्याच रस्त्यानं पुढं असलेली पत्र्याची घरं नव्हती.

त्या घरांना लागून निलगिरीचं बन होतं. भर उन्हाळ्यात ते पेटलं. आगीचा बंब आला आणि कमानीपाशी अडला. दुसरीकडून वळसा घालून पोचेपर्यंत सगळी घरं जळून गेली होती. माणसं तेवढी वाचली. बनाच्या पलीकडच्या टोकाला तुळसाक्काचं घर होतं, तेही गेलं.

आठवड्याभरानं पंचायतीची सभा भरली. सगळं एकदम होणार नव्हतं, म्हणून आधी काय करायचं ते ठरवायचं होतं. आमच्या वसाहतीला उंच भिंत हवी होती आणि कॅमेरे हवे होते. तेवढ्यात पत्र्याच्या घरांतली एक बाई उठली. "ती कमान कुणी बसवली?"

माझा अर्ज तुळसाक्काच्या हातातच होता आणि त्यावर पहिलं नाव माझं होतं. मी खाली मान घालून बसलो.

"मी," ती म्हणाली. "न चालता सही केली. तुमच्या घरांची वाट मला माहीत होती, पण पायाखाली असती तर आठवली असती." तिनं कागद मिटला आणि चपला घातल्या. "चला."

मी कंपनीत ढीगभर बैठका पाहिल्या आहेत. चूक इतक्या सरळपणे अंगावर घेणारं माणूस पाहिलं नव्हतं.

सगळी सभा तिच्या मागून निघाली. कमानीखाली उभं राहून तिनं पहिलं लिहिलं : बंबाची वाट. मग पाण्याची टाकी. मग राखेतून हिंडत, प्रत्येक उंबऱ्याशी थांबून विचारपूस करत, घरांचा क्रम. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं घर आधी, मग दिवस भरत आलेल्या पोरीचं. स्वतःचं तिनं सगळ्यांत खाली लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "अक्का, तुमचं वर घ्या." ती म्हणाली, "कमानीवर माझी सही आहे. माझं शेवटी."

मग मात्र मला राहवेना. "अर्ज माझा होता," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"माहीत आहे रे, तम्मा." तिनं मागं वळून हाक मारली, "पान्हा कुणाकडं आहे? ह्याला द्या."

शिडीवर चढून मी ती कमान उतरवली. तळहाताला फोड आले. खाली शिडी धरून तुळसाक्का उभी होती.

यादी पंचायतीच्या भिंतीवर लावली आहे. काम झालं की त्यावर रेघ मारतात. तुळसाक्का अजून शाळेमागच्या एका खोलीत राहते. परवा सगळ्या रेघा पाहून मला भरून आलं. म्हटलं, "अक्का, आता तुमचंच घर राहिलं."

ती चपला घालू लागली.

"नाही रे. तळ्याकडं एक म्हातारी ताडपत्रीखाली राहतेय. तीही वणव्यातलीच, आपल्या यादीतून सुटली. चल, दाखवते."

तिथं उभं राहून तिनं वहीत म्हातारीचं नाव लिहिलं, आपल्या नावाच्या वर.