बशांची रंगभूषा

कारखान्यात तिला सगळे कानवाली ताई म्हणत. भांडी धुण्याच्या यंत्राला कान लावून ती आतला सगळा कारभार सांगायची. आता पाणी भरतंय, आता पंप फिरला, आता हीटर तापायला लागला. डॉक्टर नाडी बघतो तसा ती पत्र्यावर तळहात ठेवायची आणि डोळे मिटायची. नवख्या माणसाला वाटावं, बाई उभ्या उभ्या झोपल्या.

तिचं काम कंट्रोलर बनवण्याचं. यंत्राच्या दारात, बटणांच्या मागे, एक हिरवा सर्किट बोर्ड बसतो. तळहाताहून जरासा मोठा. अख्खा खेळ त्याच्या जिवावर चालतो. नाटकात प्रेक्षकांना दिसतात ते राजा आणि राणी, पण विंगेत एक माणूस संहिता धरून उभा असतो. त्याने वेळेवर खूण केली नाही, तर राजा सिंहासन सोडून शिडीवर जाऊन बसेल. इथेही तेच. पाणी यायच्या आत हीटर पेटला तर सत्यानाश, साबणाची डबी लवकर उघडली तर साबण फुकट, आणि पाणी उपसायचं राहिलं तर स्वयंपाकघरात तळं. बोर्ड सगळ्यांना आपापल्या जागी आत-बाहेर करतो आणि स्वतः कधी उजेडात येत नाही. टाळ्या पडतात त्या चकचकीत बशांना.

जुन्या यंत्रांत हे काम एक फिरता टायमर करायचा. इमानी, पण मठ्ठ. एक कप असो की पाहुण्यांच्या भांड्यांचा ढीग असो, तो ठरलेले सगळे फेरे घालूनच थांबणार. ताईला हे खपत नसे. तिने आपल्या बोर्डाला डोळा दिला होता. पाण्याच्या वाटेत एक बारीक दिवा आणि समोर उजेड मोजणारा सेन्सर. पाणी गढूळ असेल तर उजेड अडतो आणि यंत्र आणखी घासतं. पाणी नितळ निघालं, तर उरलेले फेरे गाळून काम आटोपतं.

या बोर्डाचं भवितव्य आता एका शुक्रवारावर येऊन ठेपलं होतं.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे, मी नाही म्हणत नाही," मालक म्हणाले होते. "पण खरेदीवाले साहेब म्हणतात, बाहेर तयार बोर्ड मिळतात. आणा, लावा, मोकळे व्हा. शुक्रवारी माझ्यासमोर चालवून दाखवा. चालला, तर आपलाच बोर्ड. नाही चालला, तर तुम्ही तक्रार विभाग सांभाळा."

तक्रार विभाग म्हणजे दिवसभर फोनवर दुसऱ्याच्या चुकांची माफी मागणं. ताईला त्या खोलीतली खुर्चीसुद्धा रडकी वाटायची.

त्या कारखान्याची एक गमतीची रीत होती. चाचणीसाठी लोक घरून उष्टी, खरकटी भांडी डब्यात बांधून आणत. ज्याचं ताट जास्त घाण, त्याचं कौतुक जास्त. शुक्रवारची भांडी आपल्याच घरून न्यायची, असं ताईने ठरवलं. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि सासरे. सासरे आयुष्यभर शिंपीकाम केलेले. कपड्याला सुरकुती आणि ओट्याला डाग, दोन्ही त्यांना सहन होत नसत.

"बाबा, उद्याची भांडी खरकटीच हवीत," तिने आदल्या दिवशी बजावलं. "वाळलेली, चिकटलेली. हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावतोय?"

"तुमच्या राज्यात चमचा सिंकमध्ये पडायच्या आत धुऊन निघतो."

"बरं, बरं. सूनबाईची परीक्षा आहे. मी काय मधे येणार?"

सकाळी त्यांनी डबा बांधून तिच्या हातात दिला. कारखान्यात तिने झाकण उघडलं आणि तिचा जीव सुखावला. बशांवर तपकिरी ओघळ, ताटांवर लाल ठिपके, वाट्यांच्या काठाला छान वाळलेलं काहीतरी. तिने भांडी यंत्रात लावली, दार बंद केलं, बटण दाबलं. मालक खुर्ची ओढून बसले. खरेदीवाले साहेब हाताची घडी घालून उभे राहिले.

पाणी भरलं. पंप फिरला. पहिलं पाणी उपसून गेलं, दुसरं भरलं. आणि रंगात यायच्या आतच खेळ संपला. हिरवा दिवा लागला आणि यंत्र गप्प झालं.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं कसलं," साहेब म्हणाले. "ही नुसती चूळ भरली. आमचा जुना टायमर ठोंब्या असेल, पण अर्ध्यात पळून जात नाही."

ताईने यंत्राचं दार उघडलं. सेन्सरच्या काचेवर वाफ धरली की काय? बोर्डाला दिसेनासं झालं? तिने काच काढून पुसली, उजेड तपासला. काच ठणठणीत होती. बशा बघितल्या, तर आरशासारख्या. मग तिची नजर रिकाम्या डब्याकडे गेली. तळाला एक तपकिरी ओघळ वाळला होता. तिने तो बोटाने घासला. बोटाला तेलाचा लवलेश नाही. वास घेतला. कॉफी.

तिने घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाबा, खरं सांगा. भांडी धुतली होती का?"

"फार नाही."

"फार नाही म्हणजे?"

"म्हणजे दोनदाच."

"अहो, मी एवढं सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस गं. पण तुझे मालक बघणार, चार लोक बघणार. आपल्या घरचं खरकटं असं चव्हाट्यावर मांडायचं? तू अंघोळीला गेलीस आणि मला राहवेना. घासून टाकली."

"मग ते डाग कसले?"

"मग आठवलं, तुला तर घाण हवी. पातळ कॉफी केली, त्यात सॉस कालवला आणि ब्रशने एकेका बशीला लावलं. बऱ्यापैकी जमलं होतं की. कुणाच्या लक्षात आलं का?"

"माणसांच्या नाही आलं, काका," मालक पुढे वाकून म्हणाले. "यंत्राच्या आलं."

"हे कोण बोलतंय?"

"मालक."

"अरे देवा. नमस्कार. सुनेला काही बोलू नका हो. तिची काही चूक नाही, माझंच मन कोतं."

मालक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. साहेब मात्र सहजी हरणारे नव्हते. "सोंग ओळखलं, मान्य," ते म्हणाले. "आता खरी घाण ओळखून दाखवा." ते न्याय्यच होतं. नुकतंच सगळ्यांचं जेवण झालं होतं. कँटीनमधून ताटं आली, करपलेलं पातेलं आलं, आणि साहेबांनी स्वतःच्या डब्यातली अंड्याचं पिवळं सुकलेली बशी आणून सगळ्यांत मागे, अवघड जागी लावली.

या खेपेला यंत्र थांबेना. पाणी उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा तापवलं. लोक यंत्राभोवती गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमच्या अंड्याने त्याला घाम फोडला." ताई पत्र्यावर हात ठेवून उभी होती. शेवटी दिवा लागला, दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला. साहेबांनी आपली बशी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"हं."

"हं म्हणजे काय?" मालकांनी विचारलं.

"हं म्हणजे मनाला पटतंय, पण तोंडातून निघत नाही. स्वच्छ आहे."

"मग आपलाच बोर्ड," मालक म्हणाले. "आणि ताई, त्या काकांना सोमवारपासून पाठवा. यंत्राला फसवायला बसेल असा माणूस आपल्याकडे कुणी नाही."

संध्याकाळी सासरे दारातच उभे होते, काच फोडलेल्या पोरासारखा चेहरा करून. निकाल ऐकून त्यांनी आधी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "मला पाठवा म्हणाले? नेमकं काय करायचंय?"

आता चाचणीच्या टेबलाशी त्यांची स्वतःची खुर्ची आहे. समोर ब्रश, पिठाची खळ, जॅम, वितळलेलं चीज. ते बशा रंगवतात, ताई त्या यंत्रात लावते, आणि बहुतेक वेळा बोर्ड त्यांचा डाव ओळखतो. कधी नाही ओळखला, की कारखानाभर बातमी होते आणि ताई खुशीत बोर्ड सुधारायला बसते. परवा बोर्ड सलग तीनदा जिंकला, तेव्हा सासऱ्यांनी ब्रश धुतला, पुसला आणि यंत्राकडे रोखून पाहत ते म्हणाले, "थांब लेका. उद्या तुला पालक चिकटवतो."