जावेची लेक

माझं लग्न सख्ख्या मामाशी झालं. निपाणीकडं तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. थोरली जाऊ मात्र खानापूरकडची, परक्या घरातली. आम्हा दोघींना एकाच पावसाळ्यात लेकी झाल्या.

जावेची लेक वर्षाच्या आत चालू लागली. माझीही उभी राहिली, पण चालताना तिच्या झोकांड्या जायच्या. पुढं पुतणी अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची आणि माझी भिंत धरून बघायची. मी बाहेर येऊन पुतणीलाच दटावायचे, "पुरे गं, धूळ उडतीया." धूळ कुठली, नुकताच सडा टाकलेला असायचा.

मग लेकीच्या डोळ्यांत बारीक तांबड्या शिरा दिसू लागल्या, जीभ जड झाली, खोकला सुटेना. बेळगावच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. म्हणाले, "पेशींच्या गाभ्यात रोज थोडी मोडतोड होते आणि आपोआप दुरुस्तही होते. हिच्यात ती दुरुस्ती होत नाही. तोल सांभाळणाऱ्या, लहान मेंदूतल्या पेशी मरत चालल्यात. गरज नसताना एक्स-रेसुद्धा काढू नका, त्याच्या किरणांनी ही मोडतोड वाढते." मग आम्हा नवराबायकोचं नातं विचारलं. "हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच आजार होतो. घरात पुन्हा नात्यात लग्न करू नका."

परतताना बसमध्ये मला सारखी जाऊ आठवत होती. ती परक्या घरातून आली म्हणून सुटली होती.

लेकीचं बोलणं पुढं मलाही कळेना. पुतणीला कळायचं. दोघी हसत बसायच्या. मी विचारलं, "काय म्हणतीया?"

"काकी, ती म्हणतीया, तू भाकरी लई जाड थापतीस."

मला हसू आलं नाही. माझ्या पोरीचं बोलणं मला जावेच्या पोरीकडून ऐकावं लागत होतं.

लेक तेराव्या वर्षी न्यूमोनियानं गेली.

पुतणी लग्नाची झाली तशी जावेनं माझ्या धाकट्या भावाचं स्थळ काढलं. थोरले दीरही माझे मामाच, तेव्हा माझी आई म्हणजे पुतणीची सख्खी आत्या. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

"आमची पोरगी धडधाकट हाय," जाऊ म्हणाली.

"व्हय आक्का, पण दोष आत असला तरी दिसत न्हाय. माझ्या भावातबी असंल."

"तिचं चालणं तुला कधी बघवलं न्हाय. आता संसारबी बघवंना व्हय?"

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी कोगनोळीला माहेरी गेले आणि भावाला सगळं सांगितलं. त्यानं नकार कळवला.

जाऊ माझ्याशी बोलायची बंद झाली. पुतणीचं लग्न बेळगावात, परक्या घरात झालं. तिच्या लेकीच्या बारशाचं बोलावणं मला पुतणीनंच धाडलं. मी गेले. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. पलीकडं जाऊ जेवणाची पानं वाढत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाढू लागली. बाळ चांगलं गुटगुटीत होतं. मला बरं वाटलं, आणि पोटात जळलंही.