कडूबाची काडीमोड

इसम नामे कडूबा, बाप पुंजाजी, जात कुणबी, वय अंदाजे तीस, धंदा काश्तकारी, राहणार धामणगाव बढ्याशेजारील खेडे, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड. बांधा मजबूत, रंग सावळा, मिशी अलीकडील. सदर इसम जन्माने स्त्री असून औषधोपचाराने पुरुष झाल्याचे सांगतो. सबब त्याची बायको सोजराबाई हिस त्याजपासून वैवाहिक सुख मिळणे अशक्य आहे, व मिळत असल्यास ते ग्राह्य धरण्यात येऊ नये.

हे वर्णन बुलढाण्याच्या कचेरीसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसाचे. सोजराबाईचा भाऊ उत्तमराव याने ते लिहवून घेतले, आणि बहिणीची काडीमोड व्हावी म्हणून जातीच्या पंचांपुढे ठेवले. काडीमोड म्हणजे आपल्याकडचा सुटसुटीत घटस्फोट. बाईने पंचांपुढे काडी मोडायची. काडी मोडली की संसार मोडला.

कडूबाला गावाने लहानपणी पोरगी म्हणून हाक मारून पाहिली होती. तो ओ देईना. पुढे पुंजाजीचे गुडघे गेले, कडूबाने धोतर नेसले आणि वखर धरला. वखरामागे चालणाऱ्या माणसाशी वाद घालायला पेरणीच्या तोंडावर कुणाला सवड नसते. गावाने हाक बदलली.

अंग मात्र बदलले नव्हते. दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेतून परतलेल्या एका डॉक्टराने बुलढाण्यात दवाखाना टाकला, तेव्हा कडूबा बैलगाडीने घाट चढून गेला आणि म्हणाला, "डाक्टरसायेब, माह्यं आंग चुकलं हाय. दुरुस्त होते काय?"

डॉक्टराने फौजेत बरेच काही पाहिले होते. त्याने आधी हसून घेतले नाही, हीच मोठी गोष्ट. "एक सुई आहे," तो म्हणाला. "आवाज फुटेल, मिशी येईल, विटाळ थांबेल. पण सगळं होईल असं नाही. थोडंफार."

"थोडंफारच करा. उरलेलं म्या पायतो."

मग मुंबईहून तेलकट औषधाच्या कुप्या येऊ लागल्या, आणि बशीर कंपाउंडर ते औषध कडूबाला टोचू लागला. वर्षभरात आवाज फुटला. मिशी आली. पुंजाजीने मरण्यापूर्वी ती पाहिली आणि एवढेच म्हटले, की आपल्याला या वयात इतकी दाट नव्हती.

सोजराबाई ही विधवा. तिचा पहिला नवरा पंचांच्या पसंतीचा, भावाच्या पसंतीचा आणि सर्व बाजूंनी कायदेशीर पुरुष होता. तो तापाने वारला तेव्हा ती रीतीप्रमाणे रडली आणि रीत संपली तेव्हा थांबली. कडूबाच्या शेतात ती कापूस वेचायला येई. तिथेच त्याने तिला पाट लावण्याबद्दल, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाबद्दल, विचारले. आधी आपली सगळी हकीगत सांगितली, काही न वगळता.

सोजराबाईने ओटीतला कापूस गाठोड्यात रिचवला. "मारता का हो तुमी?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मंग बाकीचं पाहू."

बाकीचे पाहायला थोडे दिवस लागले. लग्नाला तीन महिने झाले नसतील, तोच सोजराबाई नवऱ्याबरोबर दवाखान्यात हजर झाली आणि बशीरला बाहेर पाठवून डॉक्टरापुढे बसली. "सुई टोचल्यापासून ह्यांचं मन लई होते. माह्यंही होते. पन ह्यांच्या आंगाले दुखते, सांगत नाहीत, दात खाऊन पडून रायतात. काऊन होते हे?"

कडूबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. डॉक्टरही त्याच कॅलेंडरकडे पाहू लागला. सुईचे सगळे परिणाम त्याने टिपून ठेवले होते, वजनापासून मुरुमांपर्यंत. हा प्रश्न मात्र त्याला कुणी विचारला नव्हता आणि त्यानेही कुणाला विचारला नव्हता. अखेर तो म्हणाला, की या औषधाने आतली कातडी कोरडी आणि नाजूक होते, यात कुणाचा दोष नाही. त्याने एक साधे मलम दिले. "आणि घाई करू नका. काय आवडतं, कुठं दुखतं, ते एकमेकांना विचारत जा."

"इचारायचं?" सोजराबाई म्हणाली. "तोंडानं?"

"तोंडानं."

एवढ्या स्वस्त औषधावर तिचा विश्वास बसला नाही. पण दोघांनी ते घेतले, आणि लागू पडले. सोजराबाई त्या हिवाळ्यात गाणी म्हणत ज्वारी निवडू लागली. शेजारणींनी कारण विचारले तर म्हणे, "औषीध चालू हाय."

औषधाची बातमी उत्तमरावाच्या गावी पोचली तेव्हा तिच्यातून सुख गळाले होते आणि फक्त सुई उरली होती. हा अर्ज त्याचे फळ.

पंच मारुतीच्या पारावर बसले. मधोमध तुळशीराम पाटील. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई इतर बायकांबरोबर देवळाच्या भिंतीआड. अर्ज वाचून झाला. पंचांनी उत्तमरावाला विचारले, अब्रू गेली का? गेली. गावकऱ्यांना विचारले, असे कधी ऐकले होते का? नव्हते. मग पाटलांनी तुरीची काडी सोजराबाईच्या हातात दिली.

तेव्हा कडूबा उभा राहिला. धोतराचा सोगा त्याने मुठीत घट्ट धरला होता. "पाटील, तुमी समद्यायले इचारलं. तिले नाही इचारलं." मग तो बायकोकडे वळला. "सोजरा, तुले काय पायजे? नाही म्हनशीन तं म्या आडवा येनार नाही."

सोजराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाह्यलं?" ती पंचांना म्हणाली. "हे असं इचारते हा मानूस. घरातही इचारते. अंधारातही इचारते. माह्या सुखाची तुमाले लई कायजी. पैल्या नवऱ्यापाशी नांदत होती तवा कोनं इचारलं व? दोन नवरे केले म्या, दोघायचं मले ठावूक हाय. तुमच्यातल्या कोनाले ठावूक हाय?"

सोजराबाई एक पाऊल पुढे सरकली.

"आता म्या इचारतो. ज्यायनं आपल्या बायकोले एक डाव तरी इचारलं असन, त्यायनं हात वर करा."

पंचांपैकी एकाने कान खाजवण्यासाठी उचललेला हात घाईने खाली घेतला. आणि भिंतीआडून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला, "आमच्या इथं तं अजून नाही इचारलं व माय!"

बायका हसल्या. ते हसू इतके लांबले, की पाटलांना दोनदा खाकरावे लागले.

"काडी मोडतं का नाही, बाई?" ते म्हणाले.

सोजराबाईने काडीचे टोक पाहिले, दाढेत अडकलेला तुरीचा दाणा तिने कोरून काढला, आणि काडी पाटलांच्या हातात अख्खी परत दिली.

पंचांनी निकाल दिला नाही. जेवणाची वेळ झाली असे सांगितले.

पुढेही धामणगावचा बाजार असला की अख्खे गाव तिकडे जाई. त्या दिवशी दुपारी कडूबाच्या घराला आतून कडी असे.