परका मध्यस्थ

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या बाजूला मी पोलिसांत आर्थिक गुन्ह्यांचा तपास करायचो. आमच्या विभागात मराठी बोलणारा मी एकटाच.

घरखरेदीचे व्यवहार करणाऱ्या एका ऑफिसातून फोन आला. नागपूरच्या एका जोडप्याने एलएलसीच्या, म्हणजे स्वतःच्या छोट्या कंपनीच्या नावावरचं, भाड्याने दिलेलं टाउनहाउस विकलं होतं आणि त्याच पैशांत भाड्याने द्यायला दुसरं घर घ्यायचं होतं. अशा अदलाबदलीत कर पुढे ढकलता येतो. मात्र मधल्या काळात मालकाने रकमेला हात लावायचा नाही. ती मध्यस्थाकडे राहते, आणि मध्यस्थ नातेवाईक चालत नाही. खरेदीचा दिवस उजाडला, मध्यस्थाकडून रक्कम आलीच नाही.

मी त्या जोडप्याच्या घरी गेलो. नवऱ्याची नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत संपत आली होती. भारतात परतावं लागलं तरी भाडं येत राहील, एवढाच त्यांचा आधार होता.

"मध्यस्थावर तक्रार द्या," मी म्हणालो.

"काकांवर कम्प्लेंट? नको हो," बायको म्हणाली. "मुलीच्या बारशाला होते ते. रिसीट मागायलाही ऑकवर्ड वाटलं."

शेवटी नवऱ्याने तक्रारीवर सही केली.

चौकशीच्या खोलीत हक्क वाचून दाखवले, तरी काका वकिलाशिवाय बोलायला बसले. "फॅमिली मॅटर आहे. पुतण्याने काकाला बिझनेससाठी पैसे दिले." पुरावा म्हणून त्यांनी फोनवरचे मेसेज दाखवले. प्रत्येकाची सुरुवात 'काका' अशी. 'काका' म्हणजे नात्यातलेच असणार, असं समजून माझा अमेरिकन सहकारी फाइल मिटायलाच निघाला होता. माझं डोकं फिरलं.

"सख्खे काका?"

"हो."

"मग त्याच्या आजोबांचं नाव सांगा. तुमचेच वडील ना ते?"

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "पैसे देताना कुणी काही विचारलंच नाही रे मला," ते म्हणाले. सगळी रक्कम त्यांच्या मोटेलच्या धंद्यात बुडाली होती.

शिक्षा झाली, पैसे मिळाले नाहीत. अदलाबदलीची मुदत टळली आणि टॅक्सही मानगुटीवर बसला. नागपूरला परतण्यापूर्वी बायको ठाण्यात आली.

"काकांना डायबेटीस आहे. जेलमध्ये इन्सुलिन देतात ना?"

मला तिचा भयंकर राग आला. मग तिच्यासमोर बसवेना. ते नातं मी एका प्रश्नात खोटं पाडलं होतं, तिने मात्र ते मनापासून मानलं होतं. अशा माणसांना पोलीस वाचवू शकत नाहीत, एवढंच मी शिकलो.