नवरा-बायकोच्या दोन चुली

झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाईला करमणुकीसाठी टीव्ही लागत नाही. अकोल्यात एका सरकारी कचेरीसमोर माझं दुकान आहे. लोक कागद घेऊन येतात, कागद घेऊन जातात आणि किस्सा मात्र काउंटरवरच विसरतात. मग तो सांभाळायची जबाबदारी माझी! त्यात माझा एक पाय पोलिओचा, कॅलिपर लावून चालते. त्यामुळे आजूबाजूच्या यच्चयावत दिव्यांग मंडळींनी हे दुकान आपलं माहेर करून टाकलंय. सगळ्यांचे किस्से सांगत बसले तर शटर उघडायचं राहून जाईल. म्हणून आज फक्त तिघांचे सांगते.

*

पहिले आमचे प्रल्हादभाऊ. जन्मापासून अंध. बसस्टँडजवळ गोळ्या-बिस्किटांचा स्टॉल आहे. शिवाय निराधार योजनेचे महिन्याचे पैसे मिळतात. त्या पैशांना आमच्याकडे सगळे 'पगार' म्हणतात, अगदी ऐटीत!

तर हा पगार चालू राहायचा असेल तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. प्रल्हादभाऊ त्यासाठी कचेरीत गेले. मशीन काही केल्या त्यांचा अंगठा घेईना. पुसून झाला, धुऊन झाला, केसांना घासून झाला. नाहीच.

ऑपरेटर नवीन होता. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, डोळे स्कॅन करू. हं, इकडे बघा. सरळ बघा. अहो, कॅमेऱ्यात बघा ना!"

प्रल्हादभाऊ शांतपणे म्हणाले, "बाप्पा, मले कॅमेरा दिसला असता, तर मी इथं आलो कायले असतो?"

*

दुसरे बंडूभाऊ. यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. आमच्या गोतावळ्याचे हे बिनफीचे वकील. कोणत्याही नियमावर त्यांच्याकडे तोडगा असतो आणि त्या तोडग्यातून सुटायला दुसरा तोडगा लागतो.

एकदा त्यांच्या प्रमाणपत्राची फेरतपासणी निघाली. सकाळपासून बाकावर बसून बसून यांचं डोकं तापलं. बाहेर अकोल्याचा मे महिना, आत पंखा बंद. शेवटी नंबर आला तेव्हा बंडूभाऊंनी पट्टे सोडले, पाय काढला आणि धाडकन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हा घ्या! पाहा किती पाह्यचं ते! तोवर मी खाली जाऊन चहा पिऊन येतो!"

बंडूभाऊ ऐटीत दाराकडे वळले, दाराची चौकट धरली आणि एका पायावर उभे राहिले. समोर जिना.

मग मान वळवून हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चहा इथंच मागवता काय?"

*

तिसरी सुनंदा. अमरावतीची, फुलवाल्यांच्या घरातली. लहानपणी अपघातात तिचा उजवा हात कोपरापासून गेला. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून एका हाताने अशी माळ ओवते की दोन हातवाल्यांनी बघत राहावं. जीभ मात्र दोन माणसांची.

अमरावतीला दिव्यांगांसाठी साहित्य वाटपाचं शिबिर होतं. आम्ही अकोल्याहून गेलो होतो. तिथे काय घोटाळा झाला देव जाणे, सुनंदाला मिळाली पांढरी काठी आणि प्रल्हादभाऊंना हाताने चालवायची तीनचाकी सायकल! बदलून घ्यायच्या रांगेत दोघं शेजारी उभे. रांग काही हलेना. तेव्हा सुनंदा म्हणाली, "बसा तुमी. मी रस्ता सांगते. निदान मजा तरी करू!"

प्रल्हादभाऊ सायकलवर, ही बाजूने चालतेय. "डावीकडे घ्या... आता सरळ... अहो, सरळ म्हंते ना!" करत वरात मैदानाबाहेर पडली आणि थेट गिलावड्याच्या गाडीला भिडली. वडे रस्त्यावर, चटणी प्रल्हादभाऊंच्या शर्टावर.

गाडीवाला खवळला. "काहून बे, दिसत नाई काय तुले?"

"नाई," प्रल्हादभाऊ म्हणाले.

गाडीवाल्याने काळा चष्मा पाहिला, सायकल पाहिली, पुन्हा चष्मा पाहिला. मग सुनंदाकडे वळून म्हणाला, "आन् तुले?"

त्या दिवसापासून दोघांचे फोन सुरू झाले. आमच्या दुकानातलं चार्जिंगचं बिल वाढलं ते तेव्हापासून.

*

लग्न ठरलं. दोन्ही घरचे राजी. सुनंदाची आई तर मला फोनवर रडून दाखवत होती, आनंदाने. आणि मीच घाण केली. म्हणजे नियम वाचून दाखवला.

भानगड अशी होती. सुनंदालाही पगार होता. प्रल्हादभाऊंचा स्टॉल, तिची फुलं, दोघांची कमाई वेगवेगळी धरली तर योजनेच्या उत्पन्नमर्यादेच्या आत. पण लग्न झालं की दोघांचं कुटुंब एक, कमाईची बेरीज एक. आणि ती बेरीज मर्यादेच्या बाहेर! म्हणजे मंगळसूत्र गळ्यात पडलं की दोघांच्याही पगारावर गदा.

सुनंदाने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे ताई, एकटी होती तवा मी निराधार. आन् यायच्यासंग फेरे घेतले की मले आधार झाला? अवो, रस्ता तर यायले मीच दाखवून राह्यली ना!"

आम्ही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "भावाच्या घरी इतकी वर्सं राह्यली. पगार सुरू झाला तवापासून मले घरात विचारतात, सुनंदा, भाजी कोणती करू? त्याच्या आदी कोणीच विचारत नोतं. तो पगार गेला तर मी पुन्हा मुकी."

मला त्या कागदाचा असा राग आला की मशीनमध्ये घालून उलटा छापावासा वाटला. दोन माणसांनी एकत्र यायचं ठरवलं तर घरात जास्तीचा पैसा येत नाही, खर्चही निम्मा होत नाही. अपंगत्व तर बेरजेतून वजा होतच नाही.

कोणीतरी सुचवलं, लग्नच करू नका, नुसते राहा. हे सुनंदाच्या आईच्या कानावर गेलं. तिने फोनवर मला इतकंच विचारलं, "तुमच्या अकोल्यात पत्रिकेवर 'नुसते राहणार' असं छापून भेटते काय?"

*

तोडगा अर्थातच बंडूभाऊंनी काढला. टाळी वाजवून म्हणाले, "दोघा भावांची चूल अलग झाली की कुटुंब अलग लिवतात ना? मंग नवरा-बायकोनं काय घोडं मारलं? लग्न करा. घर एक, चुली दोन!"

मी म्हटलं, "बंडूभाऊ, नवरा-बायकोला हे लागू नसतं."

"तुमी झेरॉक्स काढा ताई. वकिली मी पाह्यतो."

लग्न झालं. रोडगे-वांग्याचं जेवण झालं. दुसऱ्याच दिवशी बंडूभाऊंनी खोलीत दोन शेगड्या मांडल्या. दोन माठ, दोन फळ्या, दोन तिखट-मिठाचे डबे. वर गुडघ्याचा त्रास सोसत, जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूची झकास रेघ ओढली.

"प्रल्हाद, आता नीट ध्यान दे. रेघेच्या इकडं तुवं घर. तिकडं वैनीचं. रेघ ओलांडाची नाई!"

प्रल्हादभाऊ खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "हाव. पण बंडूभाऊ, रेघ काढली कोनासाठी?"

*

आणि आता हा शेवटचा.

सुनंदाचा पगार अमरावतीहून अकोल्याला बदलून घ्यायचा होता, म्हणून चौकशी आली. तलाठी साहेब तरुण, साताऱ्याकडचे. आम्ही सगळे आधीच प्रल्हादभाऊंच्या खोलीवर जाऊन बसलो होतो. सुनंदाचा चेहरा उतरलेला. सकाळपासून एकदाही कोणाला टोमणा मारला नव्हता, यावरून काय ते समजा.

साहेबांनी दोन शेगड्या बघितल्या. दोन माठ बघितले. बंडूभाऊंनी रेघ दाखवली. साहेब म्हणाले, "म्हणजे लग्न झालंय, पण जेवण वेगळं?"

"शंभर टक्के अलग साहेब! हा तिचं मीठपन घेत नाई!" बंडूभाऊ म्हणाले.

"बरं. चहा तरी मिळंल का?"

सुनंदाने आपल्या शेगडीवर चहा ठेवला. आलं ठेचलं, साखर घातली, उकळी आली. तिने डाव्या हातात सांडशी घेऊन पातेलं उचललं. आणि प्रल्हादभाऊ सवयीने उठले. पाच पावलंसुद्धा नसतील, रेघ ओलांडली, तिच्या फळीवरून गाळणी काढली आणि बरोबर कपावर धरली. तिने ओतलं. त्यांनी गाळणी पुढच्या कपावर नेली. तिने ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. चहा गाळायला दोन हात लागतात आणि तिला एकच आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

बंडूभाऊंनी कपाळाला हात लावला.

चूक लक्षात आली तशी प्रल्हादभाऊंचा आवाज फाटला. "साहेब, चूक माही हाय. माहा पगार बंद करा. तिचा राहू द्या. तिले तिच्या पैशाचा लय आधार हाय."

"तुमी गप बसा!" सुनंदा कडाडली. "साहेब, यायचं ऐकू नका. माहा बंद करा. उन्हाळ्यात स्टॉलवर कुत्रं येत नाई, याईनं काय खावं?"

"तू मधात बोलू नको!"

"मंग कोन बोलीन? तुमची अलग चूल?"

दोघं असे जुंपले की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. तिच्या डोळ्यांत पाणी, तोंडाचा पट्टा चालूच. बंडूभाऊंनी तेवढ्यात संधी साधली. "पाह्यलं साहेब? किती भांडतात! एक कुटुंब असं रायते काय?"

साहेब खाली बघून चहा पीत होते. कप संपला. तो त्यांनी रेघेच्या अलीकडे, प्रल्हादभाऊंच्या बाजूला नीट ठेवला.

"वहिनींच्या चुलीची तपासणी झाली," साहेब म्हणाले. "आता दादांच्या चुलीवरचा चहा. दोन चुली म्हटल्यावर दोन्ही तपासायला लागतील की."

चहा चढला. उकळी आली. सुनंदाने सांडशी उचलली, प्रल्हादभाऊ उठले आणि मध्येच थबकले.

साहेबांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "गाळा आता."