बाप मेला, माय गेली

मी एका धडधाकट बाईला इंग्रजीत मारलं.

ती तेव्हा अकोल्याच्या डाळमिलमध्ये तुरीची पोती शिवत होती. मी परतवाड्याला पंख्याखाली बसलो होतो आणि रेघांच्या कागदावर लिहीत होतो की ती आता या जगात नाही. लिहून झाल्यावर चहा प्यायलो. चहा चांगला होता, एवढं अजून आठवतं.

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या लोकांचं, परतवाड्याला लेकरांचं एक घर आहे. काही लेकरांना कुणीच नाही, काहींना आहे पण जवळ ठेवू शकत नाही. परदेशातली एक लहानशी मंडळी या घराला आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या दोन-तीन गावच्या चर्चना हातभार लावते. तिथलं एकेक माणूस इथल्या एकेका लेकराचं पालक. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि नाताळाला, लेकरांनी पालकांना पत्र लिहायचं. लेकरं वऱ्हाडीत बोलणार आणि पत्र जाणार इंग्रजीत, म्हणून मधे मी. अमरावतीच्या शाळेतून इंग्रजीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, त्याच्या पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर आमच्या पाळकांनी, म्हणजे रेव्हरंडांनी, माझा हात धरला. "सर, आता तुमच्याकडे वेळच वेळ!" म्हणाले. चर्चच्या दारात धरलेला हात सोडवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

पालक आणि पाळक यांतही मी पहिल्या वर्षी घोळ घातला. तिकडच्या एका म्हाताऱ्या पालकाला सलग दोन पत्रांत रेव्हरंड करून टाकलं. त्यानं नम्रपणे कळवलं, की मी चर्चमध्ये फक्त खुर्च्या मांडतो. तेव्हाच मला हे काम सोडायला हवं होतं.

पत्रांच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं परतवाड्याला जायचं. जेवण झालं की लेकरं भिंतीला पाठ लावून रांगेत बसत आणि एकेक पुढे येई. "मी बरी हाये. तुमी बरे हा का? आमच्या अथी लय ऊन हाये. शाळा चालू हाये. येशू तुमाले आशीर्वाद देवो." पुढचं लेकरू. "मी बरा हाये. तुमी बरे हा का?" दहाव्या पत्रापर्यंत माझ्यात श्रद्धा असे, पंधराव्यापर्यंत अक्षर असे. त्यानंतर नुसता हात चाले. ज्या हातानं आयुष्यभर निबंध तपासले, त्याला आता दुसऱ्यांचे निबंध लिहायची शिक्षा झाली होती, असं मी घरी गमतीनं म्हणायचो. घरी कुणी हसत नसे.

ती मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. नुकतीच आलेली. म्हणजे हे तिच्या पालकबाईंना जाणारं पहिलं पत्र, आणि पहिल्या पत्रात घरची माहिती द्यायची पद्धत.

"घरी कोण कोण आहे?" मी विचारलं.

"कोनी नाई."

"आईवडील?"

"बाप मेला, माय गेली."

फ्रॉकचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत ती एवढंच बोलली. मी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. वाटलं, केवढं समजदार लेकरू! बापाचं सरळ 'मेला' म्हणाली, आईपाशी आल्यावर जीभ मऊ झाली. क्रियापदं शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एकाच वाक्यातली दोन वेगळी क्रियापदं दिसली आणि त्यानं त्यांचा हा अर्थ काढला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पदरचं एक वाक्यही घातलं, की आईचा मृत्यू या मुलीला अजून तोंडानं उच्चारवत नाही.

"कुठे गेली?" एवढे दोनच शब्द विचारायचे होते. तिच्यामागे अजून अकरा लेकरं होती आणि मला पावणेपाचची गाडी धरायची होती.

पालकबाईंचं उत्तर आलं ते चार पानी. त्यांची स्वतःची आई त्या आठ वर्षांच्या असताना वारली होती. तुझं दुःख मला ठाऊक आहे, आजपासून आपण दोघी एकाच घरच्या, असं काहीबाही, आणि मध्ये एका ठिकाणी शाई पसरलेली. मी ते मुलीला वाचून दाखवलं. म्हणजे काय केलं, तर चार पानांचं एक वाक्य केलं. "त्या म्हणतात, तुझ्यावर त्यांची खूप माया आहे." मुलगी खूश झाली. मलाही बरं वाटलं. लवकर आटोपलं होतं.

पुढच्या पत्रात बाईंनी तुझ्या आईच्या स्मरणार्थ आवारात एक झाड लावावं असं सुचवलं. मी शेंदूरजनाघाटहून संत्र्याचं रोप मागवलं. घर सांभाळणाऱ्या बाईंना, म्हणजे सगळी लेकरं ज्यांना मोठ्या बाई म्हणतात त्यांना, "तिकडच्या लोकांना झाडांची आवड असते" एवढंच सांगितलं आणि झाडाचा फोटो पाठवून दिला.

त्या नाताळाला मी चहा घेत उभा होतो, तर फाटकातून एक बाई आली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. ती मुलगी धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली.

"सलाम, गुर्जी," बाई म्हणाली. "मी इची माय. अकोल्याले असतो, डाळमिलात. सुट्टीच भेटत नाई पाहा."

मी सलाम केला. नंतर हळूच मोठ्या बाईंचं रजिस्टर उघडून पाहिलं. तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलं होतं, वडील मयत, आई अकोला येथे कामास. इथे सगळ्यांना माहीत होतं. बाई मेली होती ती फक्त माझ्या इंग्रजीत.

त्याच दिवशी तिकडे खरं कळवायला हवं होतं. मी मसुदाही मनात तयार केला. पण पालकबाईंचं पत्र आलं की त्यांच्या चर्चमध्ये दर महिन्याला या मुलीच्या दिवंगत आईची आठवण करून प्रार्थना होते. अख्खी मंडळी डोळे मिटून उभी राहते म्हणे. आता त्यांना डोळे उघडा म्हणून कोण सांगणार? ईस्टरला लिहू, म्हटलं. ईस्टरला गुडघा दुखत होता. मग नाताळ. अशी सात वर्षं गेली. खोटं बोलायला फार मेहनत लागते असं लोकांना वाटतं, पण माझ्या बाबतीत नुसत्या आळसावर भागलं. संत्र्याला फळ धरलं, तेव्हा माय एका सुट्टीत त्याच झाडाखाली बसून एक फोड चाखून म्हणाली, "खट्टी हाये, गुर्जी." मी म्हटलं, हो, जमिनीचा दोष.

मुलगी दहावीत गेली. आता तिला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, बाईंचं गिचमिड अक्षर तेवढं लागत नव्हतं, ते मीच वाचून दाखवायचो. माझं पत्र मीच लिहीन, म्हणू लागली. मी स्पेलिंगवर बोट ठेवून तिला थोपवून धरलं.

मग एका शनिवारी मोठ्या बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पालकबाई स्वतः येणार होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पुन्हा येणं होणार नाही म्हणून येत होत्या. आणि त्यांना मुलीचा हात धरून तिच्या आईच्या कबरीवर फुलं वाहायची होती.

"ग्रेव्ह म्हंजे कबरच ना, सर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो."

"कोनाची?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि चष्म्याची काडी घडी करून परत उघडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, तुमी प्रार्थनेत डोळे मिटता का झोपता?" आणि मुलीला हाक मारली. "तुमीच सांगा तिले. मी नाई सांगत."

मुलीनं माझं बोलणं मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"सात वर्सं?" तिनं विचारलं.

"हो."

"त्या येतीन, माय दिसन, अन् त्या मले लबाड म्हनतीन. पोट्टीनं जिवंत मायले मेली सांगितलं अन् माया कमावली." मग जरा थांबून, "म्हनून तुमी मले लिहू देत नोते?"

मी गुडघा चोळत बसलो. माझी काय, एक फजिती जास्त. फजितीची मला सवय आहे. पण त्या मुलीला सात वर्षं जिची पत्रं उशाखाली ठेवून झोप लागत होती, ती बाई आता तिला खोटारडी समजणार होती, आणि तेही मी लिहिलेल्या वाक्यासाठी.

"मायले बोलवा," मुलगी म्हणाली. "लपवाचं नाई काई."

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. मी अकोल्याला गेलो. डाळमिलच्या फाटकाशी उभा राहिलो. माय बाहेर आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून, भुवयांवर तुरीची पिवळी धूळ. मला पाहून तिचे डोळे मोठे झाले.

"पोरगी बरी हाये ना, गुर्जी?"

"बरी आहे. सगळं बरं आहे. ते जरा तुमच्याबद्दल..."

"माह्याबद्दल काय?"

"तुम्ही वारलात असं मी चुकून लिहिलं होतं. तिकडच्या बाईंना."

तिनं ओढणी सोडली. "कवा?"

"झाली सात वर्षं."

"अन् मले आता सांगून रायले?"

फाटकावरचा चौकीदार हसला. तीही हसायला लागली, आणि मग एकदम थांबली. "मले मारलं त मारलं, बाप्पा. माह्या पोरीले लबाड काहून केलं?"

मी तिला परतवाड्याला यायचा दिवस लिहून दिला, या वेळी मराठीत.

पालकबाई आल्या त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शर्टानं काही होत नाही, पण घालतो माणूस. बाईंचे केस पांढरे, हातात काठी, आणि परतवाड्याच्या बाजारातून घेतलेला शेवंतीचा मोठा पुडा. मुलीला त्यांनी बराच वेळ जवळ धरलं. मग शेजारी उभ्या असलेल्या मायकडे पाहून मला विचारलं, या कोण?

दुभाषी मीच. माझाच गुन्हा माझ्याच तोंडानं दुसऱ्या भाषेत न्यायचा होता. सवय वाईट असते. मी सुरुवात केली, की भाषांतरात एक किंचित गैरसमज झाला होता.

"नॉट स्लाइट, सर," मुलगी म्हणाली.

माझ्याच बोटाखाली सुधारलेलं इंग्रजी. मग मी सगळं सांगितलं, पावणेपाचच्या गाडीसकट. पालकबाई हळूच खाटेच्या कडेवर टेकल्या. मग त्यांनी मुलीला विचारलं, तू त्या दिवशी नेमकं काय म्हणाली होतीस?

मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाप मेला, माय गेली."

मी भाषांतर केलं. वडील वारले आणि आई कामाला गेली. इतकं सोपं होतं ते. सात वर्षं उशिरा का होईना, वाक्य एकदाचं पोचलं.

पालकबाईंनी मुलीचा हात सोडला नव्हता. तू खरंच सांगितलं होतंस, असं त्या तिला दोनदा म्हणाल्या. मुलीचे खांदे तेव्हा कुठे खाली आले. मग बाईंचं लक्ष मांडीवरच्या फुलांकडे गेलं. आता यांचं काय करायचं, ते त्यांना समजेना. मायनं हात पुढे केला.

"द्या अकडे. मेल्यावर आनलेले फुलं मान्साले कुठी दिसते? म्या पाह्यले त."

ती काय म्हणाली, असं विचारल्यावर मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. पालकबाई हसल्या. हसता हसता डोळे पुसले. जाताना मात्र गाडीत बसण्याआधी मला एकट्याला म्हणाल्या, "माझी आई खरीच वारली. मला वाटायचं, या जगात आम्ही दोघी आहोत." रागानं नाही, दमल्यासारखं बोलल्या. मी मान हलवली. अशा वाक्याला दुसरं काय करतात?

महिन्याभरात त्यांचं पत्र आलं, मुलीच्या नावे. पाकीट तिनंच फोडलं, अक्षर लावत लावत तिनंच वाचलं, मला दाखवलं नाही. उत्तरही तिनंच लिहायला घेतलं. मी त्या शनिवारी लहान लेकरांची पत्रं उरकून, कंबर धरून तिच्यामागे उभा राहिलो. बाकी सगळी पत्रं अजून मीच लिहितो, फक्त आता प्रत्येकाला कुठे, कधी, कशी विचारतो, त्यामुळे पावणेपाचची गाडी दर वेळी चुकते आणि सहाच्या गाडीला उभं राहून यावं लागतं. तिचा कागद खांद्यावरून वाचला. दुसऱ्याच ओळीत क्रियापद चुकलं होतं. मी बोट ठेवलं.

तिनं कागदावरून माझं बोट उचलून बाजूला केलं.

"राहू द्या, सर. तुमच्या इंग्रजीत येक बी चूक नोती. तरी माही माय मेलीच ना!"